वर्कशॉपमध्येच बनवा ड्रम सँडर

सागाच्या तीन फळ्या जोडून दाराचं पॅनेल केलं की जोड कुठेतरी अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर-खाली राहतोच. एका फळीच्या लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, सरळ, शेजारचीची उलटी. रंधा घातला की लाकूड उचकटतं. फणसाच्या लाकडात तर रेषा एकमेकींत गुंतलेल्या, तिथे रंध्याची धार कितीही लावा. घासायचं हातमशीन फिरवून सपाटी येत नाही, फक्त खड्डे गुळगुळीत होतात. अशा कामाला ड्रम सँडर हवा, म्हणजे सँडपेपर गुंडाळलेला फिरता ड्रम, ज्याच्याखालून फळी सरकवली की ती घासून सपाट होते. तयार मशीन महाग पडतं. बेळगाव-खानापूर पट्ट्यात मात्र ते वर्कशॉपमध्येच उभं करणं अवघड नाही, कारण शाफ्ट (ड्रमचा फिरता दांडा) टर्न करून देणारा लेथवाला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही गल्लीत सापडतो.

खाली सांगितलेला ड्रम ५ इंच व्यासाचा आणि १८ इंच लांबीचा आहे. ड्रम वर फिरतो, खालचा बेड, म्हणजे फळी ठेवायचा पाट, वर-खाली होतो आणि फळी हाताने ढकलायची. सरकता पट्टा, दुसरी मोटर वगैरे नंतर लावता येतं. पहिल्या मशीनला ती हौस नको.

सामान

२५ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी गज) शाफ्टसाठी, साधारण ७०० मिमी लांब. त्याला बसणारे दोन यूसीपी २०५ बेअरिंग ब्लॉक. दीड एचपी, १४४० आरपीएमची सिंगल फेज मोटर, पूर्ण बंद बॉडीची. जाळीच्या मोटरमध्ये लाकडाचा भुसा शिरतो आणि ती जळते. ४ इंचाच्या दोन पुली, ए सेक्शनचा व्ही बेल्ट, अँगलची फ्रेम आणि १८ मिमी मरीन प्लाय.

मोटर २८०० आरपीएमची घेऊ नका, भंगारात स्वस्त मिळाली तरी. सारख्या पुल्या लावून १४४०ला ५ इंची ड्रमचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे ५७५ मीटर धावतो, तेवढं पुरे. दुप्पट वेगाने पेपर तापतो, भरतो आणि सागावर काळे पट्टे उठतात.

टर्नरकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, जाताना मापं मिलिमीटरमध्ये कागदावर काढून न्या. आपण सुतात बोलतो, तो मिलिमीटरमध्ये काम करतो; मराठी-कानडी दोन्ही चालतं, पण चित्र सगळ्यांना कळतं. शाफ्टच्या पुलीकडच्या टोकाला चावीची (पुली घट्ट धरणाऱ्या पट्टीची) खाच पाडून घ्यायला विसरू नका.

ड्रम

ड्रम म्हणजे शाफ्टवर ओवून चिकटवलेल्या गोल चकत्या. चकत्यांसाठी एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) स्वस्त आणि कापायला सोपा, तरी आपल्या भागात तो नकोच. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको: ओल धरून एमडीएफ फुगतो आणि गोलाई जाते. मरीन प्लायच्या २५ चकत्या लागतात. कापताना व्यास ५-६ मिमी जास्त ठेवा आणि मध्यभागी २५ मिमीचं भोक पाडा. शाफ्टला एमरी मारून खरखरीत करा, एपॉक्सी लावा आणि चकत्या एकेक ओवत जा. चकत्यांच्या मध्ये फेव्हिकॉल. प्रत्येक चकतीच्या वरच्या थराची रेषा आधीच्या चकतीला काटकोनात. दोन्ही टोकांना क्लॅम्पने दाबून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही शेवटच्या चकत्यांतून शाफ्टमध्ये आरपार पिन ठोका. फक्त गोंदावर विसंबलात तर एखाद्या दिवशी शाफ्ट फिरेल आणि ड्रम जागेवर राहील.

बेड

३६ इंच लांबीचा बेड दोन प्लाय चिकटवून जाड करा, वर गुळगुळीत सनमायका लावा. मागच्या टोकाला बिजागऱ्या, पुढच्या टोकाखाली मधोमध एम १२चा बोल्ट आणि त्याला चक्र. ड्रम बिजागरी आणि बोल्टच्या बरोबर मध्यावर बसवा. एम १२च्या आट्यांचं अंतर १.७५ मिमी, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला बेडचं पुढचं टोक तेवढं उचललं जातं आणि ड्रमखाली त्याच्या निम्मं, जेमतेम ०.९ मिमी. पाव फेरा फिरवला की ०.२ मिमी. डायल गेजची गरजच पडत नाही.

गोलाई काढणे

सगळ्या मशीनचं यश इथे ठरतं. पुष्कळ जण ड्रम लेथवर गोल करून आणतात आणि मग बेअरिंगमध्ये बसवतात. बसवल्यावर तो पुन्हा थोडा हलतोच. ड्रम त्याच्याच बेअरिंगमध्ये, त्याच्याच बेडवर गोल करायचा.

ड्रमपेक्षा रुंद अशा सपाट फळीवर ६० नंबरचा पेपर चिकटवा. बेडवर पुढच्या बाजूला आडवी पट्टी क्लॅम्पने आवळा, म्हणजे फळी तिला टेकून राहील आणि अंगावर येणार नाही. ड्रमवर लांबीभर पेन्सिलच्या रेघा मारा. मशीन सुरू करून बेड अगदी स्पर्श होईल इतकाच उचला आणि फळी हळूहळू डावी-उजवीकडे सरकवा. सुरुवातीला टक-टक-टक असा आवाज येतो, कारण फक्त उंचवटे घासले जातात. बंद करून पाहा: जिथे रेघ शिल्लक तिथे अजून खळगा आहे. पाव फेरा, पुन्हा घासणी, पुन्हा रेघा. आवाज सलग ‘सर्र’ झाला आणि एकही रेघ उरली नाही की ड्रम गोल झाला, शिवाय बेडला समांतरही झाला. वेगळं लेव्हल करत बसायला नको. धूळ भयंकर उडते, तेव्हा एन ९५ मास्क लावा. त्यानंतर सँडिंग सीलरचे दोन हात द्या.

पेपर गुंडाळणे

ड्रमवर वेल्क्रोची खरखरीत, हुकांची बाजू चिकटवा आणि वेल्क्रो पाठीचा ८० नंबरचा ३ इंची रोल घ्या. साधारण ३ मीटर लागतो. पेपरच्या पट्टीच्या टोकाला तिरका छेद कसा काढायचा इथे सगळे अडतात. युक्ती सोपी आहे: तिरक्या छेदाची लांबी बरोबर ड्रमच्या घेराएवढी, म्हणजे इथे सुमारे ४०० मिमी. ती तिरकी कड ड्रमच्या काठाशी जुळवून गुंडाळायला सुरुवात करा, फेरे कडेला कड लागून आपोआप बसत जातात. दुसऱ्या टोकाचा छेद पहिल्याला समांतर. दिशा अशी ठेवा की फिरताना पेपर आवळला जाईल, सुटणार नाही. दोन्ही टोकांवर फायबर टेपचा एक वेढा मारा.

चालवताना

फळी नेहमी ड्रमच्या फिरण्याविरुद्ध घाला. ड्रमचा तळ तुमच्याकडे येतो आणि तुम्ही फळी आत ढकलता. दुसरीकडून घातलीत तर ती हातातून सुटून भिंतीपर्यंत जाईल. समोर उभं राहू नका, बाजूला राहा. हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. फूटभरापेक्षा लहान तुकडे घालू नका. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त बेड उचलू नका आणि फळी मध्येच थांबवू नका, थांबली तिथे खाच पडते. शेवटची इंचभर लांबी मागून दुसऱ्या फळीने ढकला.

ड्रमवर प्लायचं झाकण आणि त्याला ४ इंचाचं धूळ ओढणारं तोंड हवंच, बेल्टलाही जाळी. मोटरच्या बॉडीला अर्थिंग द्या आणि नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावा, म्हणजे लाईट जाऊन परत आली तर ड्रम आपोआप फिरायला लागणार नाही.

साग तेलकट असल्याने पेपर लवकर भरतो. फेकून देण्याआधी क्रेप रबराचा तुकडा फिरत्या ड्रमवर धरा, भरलेला राळ-भुसा निघून येतो. जुन्या चपलेचा क्रेप सोल चालतो. अथणीच्या चामडी चपलेचा मात्र इथे काही उपयोग नाही. पावसाळ्यात पेपरचा रोल वर्कशॉपमध्ये न ठेवता घरात कोरड्या जागी ठेवा आणि बेल्टचा ताण महिन्यातून एकदा बोटाने दाबून पाहा.