ब्लोअरची ती रेघ आधी मारा

ब्लोअर म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा सुपरचार्जर. त्याची हवेची तोंडं घासून मोठी करायला गेलो आणि माझी पहिली केसिंग, म्हणजे त्याचं बाहेरचं कवच, मी एका जून महिन्यात वाया घालवली. बाहेर गोव्यातल्या डिचोलीचा पाऊस, वर पत्र्याचं छप्पर आणि हातात धातू घासायचा, उसना आणलेला डाय ग्राइंडर. चार संध्याकाळी खपलो. गाडी जोडली, तर बूस्ट, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, वाढायच्या ऐवजी उतरला. ते आठवलं की आजही पोटात कालवतं. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हे लिहितोय.

बेल्ट उतरवणं, स्नाउटमधलं, म्हणजे पुलीकडच्या नाकाडातलं, तेल काढणं, बोल्ट खुणा करून ठेवणं हे तुम्हाला येतं असं धरतो. माझा ब्लोअर जुन्या मर्सिडीज ‘कॉम्प्रेसर’ गाडीवरचा, ईटनचा एम ६२. एका फेऱ्यात ६२ घन इंच, म्हणजे साधारण १ लिटर हवा पुढे ढकलणारा. आत तीन-तीन पाकळ्यांचे दोन रोटर, ६० अंशांचा पीळ दिलेले. हा ब्लोअर हवा आत दाबत नाही, नुसती उचलून पुढे टाकतो. दाब तयार होतो तो पुढे, इंजिनाला हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये. हे मला तोंडपाठ होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता.

अर्थ असा. दोन पाकळ्या आणि केसिंगची भिंत यांच्यामध्ये हवेचा एक कप्पा तयार होतो. त्या कप्प्याच्या मागच्या पाकळीने इनलेट, म्हणजे हवा आत यायचं तोंड, बंद केलं पाहिजे आणि मगच पुढच्या पाकळीने आउटलेट, म्हणजे बाहेर जायचं तोंड, उघडलं पाहिजे. दोन पाकळ्यांच्या माथ्यांमध्ये १२० अंशांचं अंतर आहे, त्यात पिळामुळे एक टोक दुसऱ्याच्या पुढे धावतं. म्हणून या दोन तोंडांच्या मधली भिंत जेवढी दिसते तेवढी सगळी कामाची असते. तिथे फालतू धातू नाही. आपल्या गोव्यातल्या खाडीकाठच्या खाजन शेतांची मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, आठवा. भरतीला तिची दारं मिटतात म्हणून खारं पाणी आत येत नाही. दाराची फळी कोपऱ्यात तासली तर? दार मिटेल, पाणीही येईल. मी इनलेटची कड ‘अजून थोडी, अजून थोडी’ करत आउटलेटच्या दिशेने ओढली. प्रत्येक फेऱ्यात एक क्षण असा आला, की दोन्ही तोंडं एकाच कप्प्याला उघडी. दाबाखालची गरम हवा मागे फिरली आणि पुन्हा तीच आत ओढली गेली. कमी आरपीएमला गळती जास्त जाणवते, कारण परत जायला हवेला वेळ मिळतो. माझ्या बूस्ट गेजचा काटा ३००० आरपीएमच्या आत पूर्वीपेक्षा खाली अडला, आणि पाइपला हात लावला तर चटका.

कापलेलं ॲल्युमिनियम परत चिकटत नाही. वेल्डिंग करून भरता येईल असं कोणी सांगेल. उष्णतेने बोअर वाकडं झालं की रोटर घासणार. नकोच.

चूक दाखवली ती आमच्या मेस्त्रीकाकांनी. त्यांची उमेदीची वर्षं खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये गेली, २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत. डेट्रॉइट डिझेलच्या ७१ मालिकेच्या टू-स्ट्रोक इंजिनांना १९३८ पासून असाच ब्लोअर असायचा, आणि तो उघडून-मिटून त्यांचा हात बसलेला. केसिंगमधून बोट फिरवलं आणि म्हणाले, “कितें केलें रे तुवें हें?” त्यानंतर ओरडले नाहीत. रोटर परत बसवायला लावला, पुली हाताने फिरवायला लावली, आणि आउटलेट उघडायच्या क्षणी पाकळीचा माथा इनलेटपाशी नेमका कुठे असतो ते दाखवलं. तिथे निळा रंग फासून स्क्राइबरने, म्हणजे टोकदार सळईने, रेघ मारायची. हेच मी आधी करायला हवं होतं. रोटर काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंना रेघ मारा, आणि ग्राइंडर तिच्या अलीकडे थांबवा. मी तर बोटभर अलीकडेच थांबतो.

शिकायला व्हिडिओ बघा, पण त्यात घासलेला चकचकीत पोर्ट, म्हणजे हवेचं तोंड, दिसतो, रेघ दिसत नाही. ज्याने स्वतः ब्लोअर उघडलाय असा एक म्हातारा फिटर दहा व्हिडिओंना भारी.

बाकी काम घाबरण्यासारखं नाही, खरंच. इनलेटमधले ओतकामाचे खडबडीत उंचवटे आणि काटकोनी वळणं गोल करा, फायदा तिथेच आहे. आरसा दिसेपर्यंत पॉलिश करण्यात मला अर्थ वाटत नाही. ८० नंबरचा एमरी, मग १२०, बस. ग्राइंडरला ॲल्युमिनियमसाठीचा मोठ्या दातांचा बर (कापायचं टोक) घ्या आणि अधूनमधून मेणबत्तीवर फिरवा, नाहीतर दात भरून जातात. मास्क लावा.

रोटरला मात्र एमरी लावायचा नाही. त्यावर लेप असतो आणि फट केसाएवढी. दोन्ही रोटर एकमेकांना जुळवून फिरवणारे टायमिंग गिअर ओढून काढू नका, पुढच्या प्लेटसकट रोटर एकत्रच बाहेर येतात. मागची नीडल बेअरिंग केसिंगमध्येच राहतात. त्यांत एक कीस गेला तरी ब्लोअर संपला, म्हणून आधी टेप लावून बंद करा. धुताना रॉकेल वापरा. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो.

पावसाळ्यात घासलेलं ॲल्युमिनियम उघडं ठेवलं, की खाऱ्या हवेने पांढरी भुकटी धरतं. तेलाचं बोट फिरवून पिशवीत बांधा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचा, गाडीत फेरफार करताना ते लागू होतं.

दुसरी केसिंग मला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाली, शोधायला चार महिने गेले. तिच्यावरची निळी रेघ मी पुसली नाही, जोडतानाही तशीच ठेवली. पहिली काकांच्या टेबलावर आहे. कोणी नवा मुलगा आला, की ते तिच्यात रोटर घालतात, त्याच्या हातात पुली देतात आणि विचारतात, सांग पाहू, कुठे उघडं राहतंय.