फाय नोडनं खाल्लेली माझी संध्याकाळ

एलएलव्हीएम या कंपायलर-यंत्रणेसाठी एक छोटा पास, म्हणजे कोडवरून फिरून त्यात बदल करणारा टप्पा, लिहीत होतो. प्रत्येक बेसिक ब्लॉक (मध्ये फांदी न फुटता सरळ चालणारा कोडचा तुकडा) किती वेळा चालतो, ते मोजायचं. ब्लॉकच्या सुरुवातीला लोड, ॲड, स्टोअर अशा तीन इन्स्ट्रक्शन घातल्या की झालं, असं वाटलं.

माझा साधा फॉर लूप ओ-झिरोवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, बिनतक्रार चालला. पण आधी 'मेम-टू-रेग' हा तयार पास चालवून मग माझा पास लावला, तर कोड नियमात बसतो का ते तपासणारा व्हेरिफायर ओरडला: 'फाय नोड्स नॉट ग्रुप्ड ॲट टॉप ऑफ बेसिक ब्लॉक!' खरं तर कधी नव्हे ते एरर मेसेजमध्येच उत्तर होतं, मी मात्र तासभर बिल्डवर संशय घेत बसलो.

ओ-झिरोत लूपचा मोजणारा 'आय' अलोका करून (स्टॅकवर जागा घेऊन) मेमरीत राहतो. मेम-टू-रेग त्याला रजिस्टरमध्ये उचलतो आणि लूपच्या तोंडाशी फाय नोड, म्हणजे कुठल्या ब्लॉकमधून आलो त्यावरून किंमत निवडणारी इन्स्ट्रक्शन, ठेवतो: एंट्रीकडून आलास तर ०, बॉडीकडून आलास तर वाढवलेली किंमत. ब्लॉकमधले सगळे फाय एकगठ्ठा सर्वांत वर हवेत. मी 'बिगिन'पाशी, म्हणजे ब्लॉकच्या अगदी पहिल्या जागी, घुसून रांग मोडली होती.

मग फाय नसलेली पहिली इन्स्ट्रक्शन देणारं 'गेट-फर्स्ट-नॉन-फाय' वापरलं. सी कोड सुटला. सी-प्लस-प्लसमध्ये ट्राय-कॅच आला आणि पुन्हा बोंब, कारण एक्सेप्शन आल्यावर उडी पडते त्या ब्लॉकमध्ये फायनंतर लगेच लँडिंगपॅड या इन्स्ट्रक्शनचा मान असतो. शेवटी 'गेट-फर्स्ट-इन्सर्शन-पॉइंट' लावलं. ते दोन्ही ओलांडून जागा देतं. बदल एका ओळीचा.

आता टेस्ट ओ-टूवरही (ऑप्टिमायझेशन चालू ठेवून) चालवतो, आणि पासनंतर व्हेरिफाय लावतोच.