बरोक काळातली रूपकचित्रं बघताना या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात चीड आणणारी चूक म्हणजे चित्राखालचा मजकूर कापून टाकणं. बरोक काळातल्या, म्हणजे साधारण सतराव्या शतकातल्या युरोपातल्या, रूपकात्मक प्रिंटमध्ये (पत्र्यावर कोरून कागदावर काढलेल्या छापांमध्ये) चित्र आणि खालच्या ओळी मिळून अर्थ पुरा होतो. आपली मंडळी मोबाइलवर प्रिंट उतरवून घेतात, चौकोनात बसावं म्हणून खालचा पट्टा उडवतात आणि मग विचारतात, ‘याचा अर्थ काय हो?’

मध्यंतरी एक बारशाची पत्रिका हाती आली. मधोमध गुटगुटीत बाळ, साबणाचे फुगे उडवतंय. कुणा डिझायनरने ‘जुनं, युरोपियन’ म्हणून उचललेलं. ते होतं नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या हेंड्रिक गोल्ट्झियसचं १५९४ सालचं, म्हणजे बरोकच्या उंबरठ्यावरचं प्रिंट. मुळात ते बाळ रेललंय कवटीवर. पत्रिकेत नेमक्या त्या जागी एक गोल करून नाव छापलं होतं. खालचा मजकूर अर्थातच गायब. तिथे विचारलंय, ‘कोण सुटेल?’ आणि पुढच्या लॅटिन ओळींचा आशय असा: ताजं फूल बघता बघता कोमेजतं, तसंच आत्ता जन्मणाऱ्यांचंही आयुष्य बुडबुड्यासारखं विरून जातं. आजीने पत्रिका कौतुकाने देवापुढे ठेवलेली. मी काही बोललो नाही, पेढा खाल्ला.

माझी सवय उलटी आहे. आधी खालचा पट्टा मोठा करून वाचायचा, चित्र मागाहून. लॅटिन येत नसलं तरी शब्दकोश उघडायला कुणी अडवलेलं नाही. तिथेच नावंही सापडतात. ‘इन्व्हेनित’ म्हणजे रचना करणारा, ‘स्कुल्प्सित’ म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा, ‘एक्स्कुदित’ म्हणजे प्रकाशक. तिघांना मिळून एकच ‘चित्रकार’ करू नका. प्रकाशकाला तर विसरूच नका, कारण माल खपवायचा होता तो त्याला.

दुसरी खोड घाईवाल्यांची. कवटी म्हणजे मृत्यू, कुत्रा म्हणजे निष्ठा, फूल म्हणजे क्षणभंगुरता, असा तक्ता पाठ करायचा आणि प्रत्येक प्रिंटवर चिकटवायचा. चेझारे रीपा या इटालियन लेखकाचा रूपकांचा कोश रोममध्ये १५९३ला निघाला, १६०३च्या आवृत्तीत चित्रं आली, १६४४ला डच भाषांतर झालं. कलावंत तो चाळत, हे खरं. पण गिऱ्हाईक प्रिंट घ्यायचं ते आपल्या गावातल्या भानगडीसाठी. धाकट्या क्रिस्पिन दे पासचं १६३७चं प्रिंट घ्या. फुलांची रोमन देवी फ्लोरा शिडाच्या गाडीत ट्यूलिप घेऊन बसलीय, गाडी समुद्राकडे निघालीय आणि हार्लेमचे विणकर माग सोडून तिच्यामागे लागलेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत ट्यूलिपच्या कंदांचा सट्टा कोसळला होता. इथे ‘फूल म्हणजे क्षणभंगुरता’ एवढंच लिहिलंत, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना मारलेला टोमणा तुमच्या हातून निसटला. म्हणून मी तक्त्याआधी साल बघतो. त्या साली त्या गावात काय बुडालं, कोण हरलं, एवढं शोधलं की निम्मं काम झालं.

न्यायदेवतेची तलवार डाव्या हातात दिसली की व्यवस्थेवरची टीका शोधू नका. पत्र्यावर उलटं कोरलं नाही तर छाप उलटाच येतो.

आणि रूपकाला बातमी समजू नका. १५८०मध्ये गोव्याहून अकबराकडे पोचलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अँटवर्पचं बहुभाषी बायबल नेलं, त्याची सुरुवातीची पानं कोरीव रूपकांची. अशा प्रिंटमधून पृथ्वीचा गोल, पंखवाली बाळं हा मालमसाला मुघल चित्रांत मुरला. जहांगीरचा दरबारी चित्रकार अबुल हसन याच्या चित्रात जहांगीर गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय, ते त्यातूनच आलंय. हे चित्र ‘अंबरला असं मारलं’ म्हणून फिरवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. चित्र साधारण १६१६चं. अंबर त्यानंतरही जहांगीरच्या फौजांना दख्खनेत झुंजवत राहिला आणि १६२६ साली आपल्या मरणाने गेला.