जुना हॅलोजन फ्लोअर लॅम्प एलईडीवर घेताय? मग या चुका टाळा

हॉलच्या कोपऱ्यात उभा असलेला तो उंच दिवा, खाली जड गोल बैठक, मधे पितळी नाहीतर काळा पाइप आणि वर छताकडे तोंड करून बसलेला उथळ वाडगा, असा दिवा मुंबईत अजून बऱ्याच घरांत आहे. कोणी गल्फमधून येताना आणलेला, कोणी ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमधून नाहीतर चोर बाजारातून घेतलेला. आता बहुतेक ठिकाणी तो नुसताच उभा असतो, कारण ट्यूब उडाली आणि तशी ट्यूब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, किंवा बिल बघून घरच्यांनी लावायचाच बंद केला. मग एक दिवस तो भंगारात जातो. खरंच देऊ नका हो, तो पाइप, ती बैठक, ते पितळ आजच्या नवीन दिव्यांत मिळत नाही आणि एलईडीवर घेणं अजिबात अवघड नाहीये.

अडचण एवढीच होते की लोक आधी बल्ब आणतात आणि मग दिवा उघडतात. उलटं करा. प्लगपासून बल्बपर्यंत मधे काय काय बसलंय ते आधी बघा आणि बल्ब सगळ्यात शेवटी घ्या, कारण लुकलुकणं, गुणगुणणं, पंधरा दिवसांत बल्ब जाणं हे जे सगळं होतं ना, त्यात बल्बचा दोष फार कमी वेळा असतो.

बदलायचं का, हा प्रश्नच नाही. ३०० वॅटची हॅलोजन ट्यूब रोज चार तास लावली तर महिन्याला ३६ युनिट जातात, ३० वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात साडेतीन-पावणेचार युनिट घेतो. बिल बेस्टचं असो, अदानीचं असो, टाटाचं असो की महावितरणचं, फरक दिसणारच. पण मला बिलापेक्षा जास्त काळजी आगीची वाटते. हॅलोजन ट्यूबच्या काचेचं तापमान २५० अंश सेल्सियसच्या वर जातं, आणि आपल्या खोल्या लहान, पडदा दिव्याला लागून, वर पंखा फुल्ल स्पीडला. पडद्याचं टोक उडून वाडग्यात पडायला कितीसा वेळ लागतो? अमेरिकेत या उंच हॅलोजन दिव्यांपायी इतक्या आगी लागल्या की १९९७ मध्ये सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाला सुमारे ४ कोटी दिव्यांना तारेची जाळी बसवायचा कार्यक्रम काढावा लागला होता.

पहिली चूक: दिवा न ओळखता दुकानात जाणं

काहीही उघडायच्या आधी प्लग काढा, नुसता स्विच बंद करून चालत नाही, आणि दिवा चालू असेल तर ट्यूब पूर्ण थंड होऊ द्या. मग बघा आत काय आहे. पेन्सिलीएवढी काचेची नळी दोन्ही टोकांना चिनीमातीच्या सॉकेटमध्ये अडकवलेली असेल तर तो आर७एस प्रकार, तिची लांबी ७८ मिमी नाहीतर ११८ मिमी असते, पट्टी लावून मोजाच. दोन बारीक पिनांचा छोटा बल्ब असेल, म्हणजे जी४ किंवा एमआर१६, तर बहुधा तो १२ व्होल्टवर चालतो आणि बैठकीत किंवा प्लगपाशी ट्रान्सफॉर्मर असतो. बहुधा म्हणतोय, कारण जी९ नावाचा छोटा बल्ब पण असतो, त्याच्या पिना वळवलेल्या, लूपसारख्या असतात, आणि तो थेट २३० व्होल्टचा असतो. आणि साधा होल्डर असेल, आपला पिनवाला बी२२ किंवा बाहेरून आलेल्या दिव्यात आट्यांचा ई२७, तर निम्मं काम झालंच.

अमेरिकेतून आलेला दिवा असेल तर तो १२० व्होल्टचा आहे हे विसरू नका. त्याच्यासोबत आलेला बल्ब आपल्याकडे लावला की लगेच उडेल, आणि त्यातला डिमर तर काढूनच टाका.

डिमर तसाच ठेवणं, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात

या दिव्यांच्या पाइपवर एक गोल बटण किंवा वायरवर पायाने दाबायचं सरकतं बटण असतं, त्याने उजेड कमी-जास्त होतो. त्या डिमरच्या मागे बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं, मोबाइलने फोटो काढून झूम करा. ‘६०–३०० वॅट’ असं काही असेल तर त्याचा अर्थ ३०० च्या वर नको एवढाच नाही, ६० च्या खाली पण नको असाही आहे. तुम्ही तिथे १२ वॅटचा एलईडी लावता, डिमरला पुरेसा लोड मिळत नाही, तो नीट पकडतच नाही आणि दिवा लुकलुकतो, नाहीतर गुं‌ऽऽ असा आवाज येतो, नाहीतर अर्ध्यावर फिरवला की एकदम विझतो. लोक बल्ब परत करायला जातात, दुकानदार दुसरा देतो, तोही तसंच करतो.

गिरगावातल्या एका काकूंकडे हेच चाललं होतं, बल्बवर बल्ब बदलून झाले होते. मी विचारलं, “काकू, हे बटण तुम्ही फिरवता का कधी?” त्या म्हणाल्या, “नाही रे, एकदम मोठाच लावतो आम्ही, ते काय ते मला माहीतच नाही.” मग डिमर काढला, त्या जागी साधा ऑन-ऑफ स्विच बसवला, आणि तोच बल्ब, जो खराब म्हणून बाजूला ठेवला होता, तो शांतपणे लागला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, मंद उजेड रोज वापरत नसाल तर डिमर काढा. वापरत असाल तर बॉक्सवर ‘डिमेबल’ लिहिलेला एलईडी आणि एलईडीसाठी बनवलेला डिमर, दोन्ही घ्या, एकच घेऊन भागत नाही. साधा एलईडी जुन्या डिमरवर चालवला तर कधी कधी चालतो पण, आणि तेच वाईट, कारण आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवा तसा करंट देणारं सर्किट, हळूहळू मरतो. आणि कृपा करून पंख्याच्या रेग्युलेटरवर दिवा घेऊ नका, तो त्यासाठी नाहीये.

१२ व्होल्टवाल्या दिव्यात ट्रान्सफॉर्मर काढून थेट लाइन देणं

ही नुसती चूक नाही, हा जीवावरचा खेळ आहे. वाचायच्या दिव्यांमध्ये दोन बारीक दांडे अँटेनासारखे मागेपुढे सरकतात आणि टोकाला बल्ब असतो, असे दिवे तुम्ही बघितले असतील. त्यांतल्या कित्येकांत दांड्यांच्या आत वायर नसतेच, ते दांडेच करंट नेतात. १२ व्होल्ट आहे म्हणून हात लागला तरी काही होत नाही. कोणी हुशारीने ट्रान्सफॉर्मर काढून २३० व्होल्ट दिले तर उघडा दांडा लाइव्ह, आणि पावसाळ्यात ओल्या पायाने कोणी दिवा सरकवला तर काय होईल ते सांगायला नको. असा दिवा १२ व्होल्टवरच ठेवायचा. कायम.

मग तिथे एलईडी कसा लावायचा? जुना जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असेल तर ‘१२ व्होल्ट एसी/डीसी’ लिहिलेला जी४ किंवा एमआर१६ एलईडी बहुतेक वेळा सरळ चालतो. हलका, इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्यावर ‘२०–६० वॅट’ असं काही लिहिलेलं असतं, आणि ५ वॅटच्या एलईडीने तो सुरूच होत नाही, किंवा चालू-बंद चालू-बंद करत राहतो. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या जागी १२ व्होल्ट डीसीचा एलईडी ड्रायव्हर बसवायचा, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतो, बल्बच्या वॅटपेक्षा थोडा जास्त क्षमतेचा घ्या म्हणजे तापत नाही.

आर७एस एलईडी: लांबी मोजली, जाडी नाही

११८ मिमीची एलईडी ट्यूब ऑनलाइन मागवतात, लांबी बरोबर येते आणि ती वाडग्यातल्या पन्हाळीत जातच नाही, कारण हॅलोजनची नळी जेमतेम बोटाएवढी असते आणि एलईडीची दोन-तीन सेंटीमीटर जाड. मग लोक जोर लावतात आणि चिनीमातीचं सॉकेट तडकतं. जाडीसाठी जागा मोजा. काही एलईडी ट्यूब एकाच बाजूने उजेड टाकतात, ती बाजू वर छताकडे आली पाहिजे. वाडग्यावर काचेचं झाकण असेल तर काढा, हॅलोजनला ते सुरक्षेसाठी होतं, एलईडीला त्यात फक्त गरम हवा कोंडते, आणि एलईडी लवकर जायचं मुख्य कारण उष्णताच असतं.

मला विचाराल तर सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे आर७एसचं सगळं बिऱ्हाड काढून तिथे बी२२ होल्डर बसवणं. पुढची वीस वर्षं बल्ब कुठल्याही किराणा दुकानात मिळेल. पाइपच्या वरच्या टोकाला आटे असतात, त्यावर बसणारा पितळी होल्डर मिळतो, तो बुटका घ्या, नाहीतर बल्ब वाडग्याच्या वर डोकावतो आणि सोफ्यावर बसलं की डोळ्यात जातो.

होल्डर काढाल तेव्हा वरची सहा-आठ इंच वायर नीट बघा. इतकी वर्षं हॅलोजनच्या उष्णतेत भाजून तिचं इन्सुलेशन कडक झालेलं असतं, जरा वाकवलं की पापडासारखं मोडतं आणि आतली तांब्याची तार काळी पडलेली दिसते. ती टेप गुंडाळून वापरू नका. पाइपमधून पूर्ण नवीन तीन कोरची वायर ओढा, जुन्या वायरच्या वरच्या टोकाला नवी बांधून जुनी खालून खेचली की नवी आपोआप पाइपमधून खाली येते, एकदा जमलं की पाच मिनिटांचं काम. जोड द्यायचाच असेल तर चॉकलेट पट्टी, म्हणजे स्क्रूने वायरी पकडणारी जोडपट्टी, वापरा.

तीन कोर कशाला? अर्थसाठी. दिवा अख्खा धातूचा आहे, हिरवी वायर बैठकीच्या धातूला स्क्रूने घट्ट पकडलेली हवी. गल्फच्या दिव्याचा चौकोनी पिनांचा प्लग अडॅप्टरमध्ये लटकत ठेवतात, त्यात अर्थ लागतोय की नाही याची काही खात्री नसते, कापून आपला ६ अँपिअरचा तीन पिनचा प्लग लावा. वरळी, वर्सोवा, समुद्राकडच्या घरांत प्लगच्या आणि होल्डरच्या पितळी पिना हिरव्या पडतात, त्या पण बदला. वायरिंगचा हात नसेल तर हे सगळं वायरमनकडून करून घ्या, आणि त्याला सांगा, “दादा, आधी सिरीजवर लावून बघा.” सिरीज बोर्ड म्हणजे एका बल्बमधून करंट देऊन तपासायचा बोर्ड, त्यावरचा १०० वॅटचा पिवळा बल्ब फुल्ल पेटला तर आत शॉर्ट आहे, नुसता तुमचा एलईडी लागला आणि तो बल्ब काळा राहिला तर ठीक. बॉडीला आणि फेजच्या पिनला मल्टिमीटर लावून सातत्य, म्हणजे आतून जोड, नाही ना, तेही बघायला लावा.

वॅट बघून बल्ब घेणं

लुमेन म्हणजे उजेडाचं माप, आणि ३०० वॅटची हॅलोजन साधारण ५००० लुमेन देते. ९ वॅटचा एलईडी देतो साधारण ९००. तो लावून लोक म्हणतात एलईडीत दम नाही! तर लुमेन बघा. छतावरून परत येणारा उजेड हवा असेल तर किमान २०–३० वॅटचा घ्या, पूर्ण पूर्वीएवढा हवा असेल तर ४०–५० वॅटचे मोठे बल्ब येतात, ते वजनाला जड असतात, होल्डर डुगडुगता नको. बॉक्सवर बीईईचे वीजबचतीचे स्टार आणि बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर नंबर (नोंदणी क्रमांक) आहे का बघा, फुटपाथवरच्या बिननावाच्या बल्बवर हे नसतं.

रंगाबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे दुकानात ‘बल्ब द्या’ म्हटलं की ६५०० केल्विनचा पांढराफटक हातात ठेवतात (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड पांढरा). हॅलोजनचा तो उबदार उजेड २९००–३००० केल्विनचा असतो, तोच हवा असेल तर ‘वॉर्म व्हाइट, ३००० केल्विन’ असं ठासून सांगा, आणि मिळाला तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० चा घ्या, घरातल्या माणसांचे चेहरे नीट दिसतात.

अजून एक, दिवा पंख्याच्या पात्यांच्या खाली उभा करू नका. उजेड वर जातो, पाती मधे येतात, आणि अख्खी खोली फडफडते. बल्ब लुकलुकतोय असं वाटतं, पण पंखा बंद केला की थांबतं.

लावल्यानंतर गडबड झाली तर

बंद केल्यावरही बल्ब अगदी मंद लागलेला राहतो? स्विच न्यूट्रलवर आलाय. प्लगमधल्या फेज-न्यूट्रलच्या वायरी तपासा, सॉकेट पण टेस्टरने बघा, जुन्या चाळींत आणि बिल्डिंगींत सॉकेटच उलटं जोडलेलं सापडतं. ई२७ होल्डर असेल तर हे जास्त महत्त्वाचं, फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्यांना हवा, उलटं असेल तर बल्ब फिरवताना शॉक बसू शकतो. चर्र आवाज येत असेल तर होल्डरच्या स्प्रिंगच्या पिना ढिल्या आहेत, लगेच बंद करा, होल्डर बदला. तासाभराने बल्ब विझतो आणि थंड झाल्यावर परत लागतो, तर हवा कोंडतेय, वाडगा खूप खोल आहे किंवा झाकण राहिलंय.

सामान लोहार चाळीत, इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, एका फेरीत मिळतं: होल्डर, तीन कोर वायर, प्लग, स्विच, चॉकलेट पट्टी. जाताना जुना होल्डर सोबत न्या, आटे दोन-तीन मापांचे असतात आणि अंदाजाने आणलेला हमखास बसत नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.