संत्र्याची तोडणी: फळ ओढू नका, कापा

काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या बऱ्याच बागा झाडावर माल असतानाच व्यापाऱ्याला विकल्या जातात आणि तोडणीही त्याचेच मजूर करतात. ज्यांची शे-दोनशे झाडं आहेत आणि माल घरच्यांनी तोडून स्वतः नागपूरच्या कळमना बाजारात न्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कात्र्या, शिड्या, कॅरेट, झोळ्या तुम्ही जमवल्या आहेत असं धरतो.

आंबिया बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांचा) माल साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो, मृगाचा (जून-जुलैतल्या फुलांचा) फेब्रुवारी-मार्चमध्ये. दिवस मात्र सालीच्या रंगावरून ठरवू नका. रात्री गार झाल्याशिवाय सालीवर नारिंगी रंग चढत नाही, त्यामुळे ऑक्टोबरअखेरीस आतून गोड झालेलं फळ बाहेरून हिरवट दिसू शकतं. बागेच्या वेगवेगळ्या भागांतली, झाडाच्या आतल्या आणि बाहेरच्या फांद्यांवरची फळं सोलून चाखा. रसातली साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर असेल तर रस 10 ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे गोडव्याचं माप) आला आहे का ते पाहा. ‘थोडं आधी तोडा, ठेवल्यावर गोड होईल’ असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. संत्र्यात आंबा-केळ्यासारखा पिष्टाचा साठा नसतो, मग झाडावरून उतरल्यावर साखर बनणार कशापासून? इथिलीन वायू दिला की साल पिवळी होते, आंबट रस आंबटच राहतो. उशीरही फार करू नका, साल फुगून फळ पोचट होतं.

तोडणी ऊन चढल्यावर सुरू करा. पहाटे साल पाण्यानं ताठ असते. बोटाचा जरा दाब पडला तरी तिच्यातले तेलाचे कोष फुटतात आणि त्या जागी पुढे तपकिरी डाग येतात. दहिवर पूर्ण वाळू द्या. आदल्या दिवशी पाऊस आला असेल तर तो दिवस सोडा.

आता देठ. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, आणि बहुतेक माल नासतो तोही इथेच. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलायला सोपी म्हणून लोकांना आवडते. तोडणीत तीच आडवी येते. फळ पिळून ओढलं की देठाबरोबर सालीचा तुकडा निघतो. कधी तो दिसतो, कधी नुसती बारीक चीर पडते आणि वरून फळ धड दिसतं. हिरव्या-निळ्या बुरशीला धड सालीतून आत शिरता येत नाही, तिला जखम लागते. ती आपण आपल्या हातानं करून देतो. चार दिवसांनी ते फळ मऊ पडतं आणि खालची फळंही खराब करतं.

म्हणून प्रत्येक फळाला दोनदा कात्री लावायची. फळ डाव्या हातात खालून धरा आणि देठ फळापासून बोटभर लांब कापा. मग हातातलं फळ डोळ्यांसमोर घेऊन उरलेला देठ, तो फळाला जिथे जुळतो तिथल्या चकतीलगत सपाट कापा. ती हिरवी चकती फळावर राहिलीच पाहिजे, तीच त्या जागेचं झाकण आहे. फळ झाडावर असतानाच एका कापात उरकायला गेलात तर एक तर कात्री सालीत घुसते, नाहीतर देठाचं टोक राहतं. ते टोक कॅरेटमधल्या शेजारच्या फळात रुततं. कापल्यावर अंगठा फिरवा. टोचलं तर पुन्हा कापा. कात्री बोथट टोकाची घ्या आणि नखं कापूनच झाडाखाली जा.

हमखास ऐकू येतं, “इतक्या बारकाईनं तोडलं तं संध्याकाळ होईन ना जी!” होऊ द्या. बाहेरची माणसं लावली असतील तर मजुरी रोजानं द्या, कॅरेटवर कधीच देऊ नका. कॅरेटवर पैसे मिळत असतील तर कोणाचाही हात ओढण्याकडेच जाईल, त्यात त्यांचा दोष नाही. घरात कोणाला पटत नसेल तर ओढलेली पाच आणि कापलेली पाच फळं दोन टोपल्यांत आठवडाभर ठेवा.

बाकी काम सोपं आहे. झोळी कॅरेटमध्ये अलगद रिकामी करा, वरून ओतू नका. कॅरेट काठोकाठ भरू नका, भरलेलं सावलीत ठेवा. जमिनीवर पडलेली, देठ निघालेली, ओरखडलेली फळं वेगळ्या कॅरेटमध्ये टाका आणि घरी, शेजारी लगेच संपवा. ती चांगल्या मालात मिसळून कळमन्याला नेऊ नका.

तोडणी आटोपली की झाडावरची सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढा. काप वाळलेल्या भागात न घेता थोडा हिरव्या भागात घ्या.