ब्रॅम्प्टन ईस्ट: मतदारसंघ समजून घेताना

2025 साली कॅनडातल्या ब्रॅम्प्टन शहराच्या लोकांनी दोन महिन्यांत दोनदा मतदान केलं. 27 फेब्रुवारीला ऑन्टारियो प्रांताचं, 28 एप्रिलला देशाचं. दोन्ही वेळा आमच्या मतदारसंघाचं नाव होतं 'ब्रॅम्प्टन ईस्ट'. हद्द मात्र एक नव्हती. देशाच्या निवडणुकीला 2024 पासून लागू झालेली नवी आखणी वापरली गेली, तर प्रांताची निवडणूक 2018 पासून चालत आलेल्या आखणीवरच झाली. त्यामुळे नुसतं नाव बघून 'हा आपलाच मतदारसंघ' असं धरून चालू नका. इलेक्शन्स ऑन्टारियो प्रांतासाठी आणि इलेक्शन्स कॅनडा देशासाठी अशा दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. पोस्टल कोड दोन्हीकडे टाकून बघा. हद्दीलगत राहत असाल तर पूर्ण पत्ता टाका, कारण रस्त्याच्या दोन बाजू दोन मतदारसंघांत असू शकतात.

आधी शब्द. मतदारसंघाला इथे 'रायडिंग' म्हणतात. आपल्या आमदाराच्या जागी इथे एमपीपी आणि खासदाराच्या जागी एमपी. इतर बहुतेक प्रांतांत एमएलए म्हणतात, ऑन्टारियोत नाही. विधान परिषदेसारखं वरचं सभागृह प्रांताला नाही.

आता या जागेचा इतिहास. प्रांताचे जुने निकाल शोधायला गेलात की 'ब्रॅम्प्टन ईस्ट' 2018 पाशी थांबतं. त्याआधीचं बघायचं तर 'ब्रॅमली–गोर–माल्टन' शोधावं लागतं आणि त्याच्याही आधी 'ब्रॅमली–गोर–माल्टन–स्प्रिंगडेल'. हे शेवटचं लांबलचक नाव 1999 चं. तेव्हाच्या पीसी (प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या सरकारने विधानसभेच्या जागा 130 वरून 103 वर आणल्या आणि सीमा देशाच्या मतदारसंघांशी जुळवल्या. 2007 मध्ये जागा 107 झाल्या आणि नावातून स्प्रिंगडेल गेलं. 2018 ला 124 झाल्या आणि ब्रॅमली–गोर–माल्टनचे तुकडे पडले. माल्टन मुळात मिसिसागा शहराचा, विमानतळाला खेटून असलेला भाग. तो मिसिसागा–माल्टनमध्ये गेला आणि गोरकडचा मोठा भाग ब्रॅम्प्टन ईस्टमध्ये आला. म्हणूनच '2014 ला इथे अमुक टक्के मतं पडली होती' असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारा: इथे म्हणजे नेमकं कुठे? त्या आकड्यात माल्टनचे मतदारही आहेत. ते आता तुमच्याबरोबर मत देत नाहीत.

माणसांची साखळी अशी. 1999 ला पीसीचे रमिंदर गिल, 2003 ला लिबरल कुलदीप कुलार, 2007 ला नव्या नावाच्या मतदारसंघातून पुन्हा कुलार. मग 2011. त्या वर्षीच्या मे महिन्यात जगमीत सिंग एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) या पक्षातर्फे याच भागातून देशाच्या संसदेसाठी उभे राहिले आणि कॉन्झर्व्हेटिव्ह बल गोसल यांच्याकडून अवघ्या 539 मतांनी हरले. पाचच महिन्यांनी, 6 ऑक्टोबरला, प्रांताच्या निवडणुकीत त्यांनी कुलार यांना 2,277 मतांनी हरवलं. ब्रॅम्प्टन ज्यात येतं त्या पील विभागातून एनडीपीचा माणूस प्रांताच्या विधानसभेत जाण्याची ती पहिलीच वेळ. मे महिन्यात उभारलेलं कार्यकर्त्यांचं जाळं ऑक्टोबरला तयारच होतं, हे या निकालामागचं आमच्या मते सर्वांत ठोस कारण. थोडक्यात हरलेली निवडणूक अशी उपयोगी पडते.

त्याच निवडणुकीत लिबरलांना 107 पैकी 53 जागा मिळाल्या. बहुमताला एक कमी. सरकार टिकवायला एनडीपीची मदत लागू लागली आणि 2013 च्या अर्थसंकल्पावेळी एनडीपीने गाडीच्या विम्याचे दर 15 टक्के उतरवण्याची मागणी लावून धरली. ब्रॅम्प्टनमध्ये गाडी घेऊन विम्याचा पहिला कोट बघितलात की हा मुद्दा इथे का पेटतो ते कळेल. दर ठरवताना तुमचा पोस्टल कोड बघतात, आणि ब्रॅम्प्टनचा पोस्टल कोड महाग पडतो. दर किती आकारायचे यावर देखरेख प्रांताची, त्यामुळे प्रत्येक प्रांतिक निवडणुकीत आश्वासन मिळतंच.

सिंग 2014 ला पुन्हा निवडून आले. 2017 ला देशपातळीवरच्या एनडीपीचे नेते झाल्यावर त्यांनी जागा सोडली. पोटनिवडणूक झाली नाही, जून 2018 पर्यंत जागा रिकामीच राहिली. 2018 ला त्यांचे भाऊ गुररतन सिंग ब्रॅम्प्टन ईस्टचे पहिले एमपीपी झाले. त्या वर्षी ब्रॅम्प्टनच्या पाच जागांपैकी तीन एनडीपीला, दोन पीसीला. 2022 ला पाचही पीसीकडे गेल्या. ब्रॅम्प्टन ईस्ट हरदीप ग्रेवाल यांनी घेतली आणि 2025 ला राखली. म्हणजे 1999 पासून तिन्ही पक्ष इथे जिंकले आणि प्रत्येकाने ही जागा गमावलीही आहे. 'हा अमक्यांचा बालेकिल्ला' असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर हसून सोडून द्या.

खरी चुरस पुष्कळदा उमेदवारी ठरतानाच होते. इथे तिकीट वरून येतंच असं नाही, बऱ्याचदा पक्षाचे स्थानिक सदस्य मत देऊन उमेदवार निवडतात. शेजारच्या ब्रॅम्प्टन नॉर्थमध्ये 2022 ला एनडीपीचे विद्यमान एमपीपी केव्हिन यार्ड यांची उमेदवारी अशाच मतदानात गेली. मग ती जागाही पक्षाच्या हातून गेली. म्हणून या काळात ओळखीपाळखीचे लोक सदस्यत्वाचे फॉर्म घेऊन दारात येतात. फॉर्म भरायचा तर समजून भरा. पैसे स्वतःचे द्या, दुसऱ्याला भरू देऊ नका. शेवटच्या तारखेनंतर सदस्य झालात तर त्या फेरीत मत मिळत नाही.

मतदानाला तीन अटी: कॅनडाचं नागरिकत्व, मतदानाच्या दिवशी 18 पूर्ण आणि ऑन्टारियोत वास्तव्य. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) असलेल्यांना मत नाही, कितीही वर्षं कर भरला तरी नाही. चूक बहुधा कराच्या फॉर्मवर होते. तिथे नागरिक आहात का आणि माहिती मतदारयादीसाठी द्यायची का, असे प्रश्न असतात. घाईत दोन्हीकडे 'हो' केलं तर नाव यादीत जाऊ शकतं. नाव आलं म्हणून हक्क मिळत नाही, आणि हक्क नसताना मत देणं गुन्हा आहे. घरात 16-17 वर्षांचं नागरिक मूल असेल तर त्याचं नाव भावी मतदारांच्या नोंदवहीत आधीच घालता येतं.

केंद्रावर जाताना घरी आलेलं मतदार माहितीपत्र आणि नाव असलेलं ओळखपत्र न्या. यादीत नाव नसेल तर नाव आणि सध्याचा पत्ता दोन्ही दाखवावे लागतात. लोक इथेच अडकतात: पासपोर्ट घेऊन जातात आणि पत्त्याचा पुरावा घरी राहतो. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर बँकेचं स्टेटमेंट किंवा विजेचं बिल जवळ ठेवा.

मतपत्रिका कागदाची. कमळ, पंजा, घड्याळ असली निशाणी नाही. नाव आणि त्याखाली पक्ष, एवढंच. क्रम आडनावाच्या वर्णानुक्रमाने. आमच्या भागात सिंग, सिद्धू, ग्रेवाल, गिल पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे पूर्ण नाव वाचून मगच गोलात फुली मारा. बहुतेक केंद्रांवर कागद यंत्रातून सरकवला जातो आणि मोजणी ते यंत्र करतं. बोटाला शाई नाही. नोटाचं बटण नाही, पण मतपत्रिका नाकारतो असं अधिकाऱ्याला सांगता येतं आणि ती 'नाकारलेली' म्हणून वेगळी मोजली जाते. मात्र हे सगळ्यांसमोर सांगावं लागतं, गुपचूप होत नाही.

मतदान सकाळी 9 ते रात्री 9. तुमच्या कामाच्या वेळेमुळे या बारा तासांत सलग तीन तास मोकळे राहत नसतील, तर मागितल्यावर मालकाने ते द्यावेत असा कायदा आहे. गोदामात शिफ्ट करणाऱ्यांनी हे आधीच सुपरवायझरच्या कानावर घालावं. आगाऊ मतदानाचे दिवस दरवेळी तेच असतील असं समजू नका: 2022 ला ते दहा दिवस होतं, 2025 ला तीनच.

शेवटी, कुणाचं दार वाजवायचं. हेल्थ कार्ड, लायसन्स, शाळा, हॉस्पिटल, परदेशातल्या पदवीची मान्यता ही कामं प्रांताची, म्हणजे एमपीपीच्या कार्यालयात. व्हिसा, पीआर, पासपोर्ट यासाठी एमपी. बर्फ उचललं नाही, कचरा नेला नाही तर नगरसेवक, आणि त्यासाठी वॉर्ड नंबर लागतो, मतदारसंघाचा उपयोग नाही. या कार्यालयांतून मदत मिळवायला तुम्ही मतदार असायची गरज नाही, त्या हद्दीत राहत असलात की पुरे.