पुनरुज्जीवित विज्ञानमालिकेतील बदल कसे पारखावेत

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचे नियमित भाग 1989 मध्ये थांबले आणि 2005 मध्ये पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून तिच्या चाहत्यांत मालिकेतील वस्तूंच्या रूपावरून वाद झडत आले आहेत. अशा वादात उतरण्यापूर्वी वस्तूचे रूप आणि तिचे कथेतील काम वेगवेगळे तपासावे. 1968 मध्ये अवतरलेला सोनिक स्क्रूड्रायव्हर (ध्वनिलहरींवर चालणारे काल्पनिक हत्यार) कुलुपे उघडून नायकाची, म्हणजे डॉक्टरची, फार सहज सुटका करतो, म्हणून 1982 मध्ये निर्मात्यांनी तो कथेतच नष्ट करून टाकला. त्यामुळे नव्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकावरील निळ्या दिव्यावर हुज्जत घालण्यापेक्षा, नायक डोके चालवण्याऐवजी त्याच्यावरच विसंबतो का, हे पाहावे.

2010 मधील डालेक, म्हणजे डॉक्टरचे चिलखती यंत्रातले परग्रहवासी शत्रू, थोराड, भडक रंगांचे आणि पाठीला कुबड आल्यासारखे होते. अनेकांना ते खटकले (मलाही), आणि पुढे आधीचे पितळी रंगाचे डालेकच पुन्हा ठळकपणे दिसू लागले. तरीही त्या भडक डालेकांच्या मनातला इतरांविषयीचा द्वेष, म्हणजे त्यांचे कथेतील काम, तसेच होते, हे मान्य करावे.

कथेतच डॉक्टर नवे शरीर धारण करतो आणि त्याचा चेहराच बदलत असल्याने नव्या अभिनेत्याची वेगळी लकब ही विसंगती ठरत नाही. मात्र बंदुकीविषयीची त्याची नावड कारणाशिवाय नाहीशी झाली, तर प्रसंग नेमका नमूद करून हरकत घ्यावी.